आपलं नाव आपण पुकारायचं नाही

प्रिय अर्डेलिया,

'प्रिय' लिहून खोडलं, पुन्हा लिहिलं. रागात दुसरा शब्द सुचेना, आणि खोटं लिहायची हातोटी माझ्याकडे नाही. ती तुमच्या टीमकडे आहे.

रविवारी चर्चमध्ये तू मला पाहिलंस. नाही म्हणू नकोस. मी आत्याशेजारी बसलो होतो, टायरच्या दुकानातलं काळं नखांतून निघत नाही म्हणून हात मांड्यांखाली दाबून. आपल्या रॉकेटवाल्या हंट्सविलमध्ये फेब्रुवारी, आपला कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा महिना, आला की अख्खं चर्च अंतराळात जातं. नारिंगी पोशाखातली ती चिमुरडी 'मी अंतराळवीर मे जेमिसन, माझा जन्म इथल्याच डिकेटरचा' एवढं बोलली आणि पुढचं विसरली, तेव्हा मागून म्हाताऱ्या ओरडल्या, 'घाबरू नको गं बाळ, यान थांबलंय तुझ्यासाठी!' मीही हसलो. मग तू आलीस. चष्मा, मोत्यांची माळ, नासाची गणितज्ञ कॅथरीन जॉन्सन झालेली. इतकी सुंदर दिसत होतीस की माझा राग आणखी वाढला. तू म्हणालीस, 'गणितं आम्ही करायचो, पण अहवालावर आमची नावं नसायची.' आत्यानं डोळे पुसले. मला मात्र मोठ्यानं हसू फुटलं, आणि आत्यानं असं कोपर मारलं की अजून दुखतंय.

तुला कॉलेजच्या टीमचा तो आपला हवामानाचा फुगा आठवतो? वर गेल्यावर तापलेल्या तारेनं फुग्याचा दोर जाळायचा, आणि तू शिवलेल्या हवाई छत्रीवर कॅमेऱ्याची पेटी खाली यायची, एवढंच काम. पण वरच्या थंडीत बॅटरी मान टाकायची, दोर काही जळायचा नाही, आणि आपली पेटी कुठल्या कुठे वाहत जायची. शिकारी लोक हातमोज्यात ठेवतात त्या गरम पुड्या मी आणल्या, बॅटरीसकट आत्याच्या लोकरी मोज्यात कोंबल्या आणि वर गाठ मारली. टीमचे प्रमुख व्हिटलो सर म्हणाले, 'हे काय, नाताळची भेट?' सगळे हसले. तूही हसलीस. आणि त्याच दुपारी सोयाबीनच्या शेतात आपल्याला पेटी मिळाली, धडधाकट, मोजा अजून कोमट! आत्याच्या गाडीच्या टपावर बसून आपण उकडलेल्या शेंगा खाल्ल्या. तू म्हणालीस, 'मी या मोज्याशी लग्न करणार.' मी म्हटलं, 'मोज्याचा मालकही मोकळाच आहे.' तू शेंगेचं टरफल मारलंस मला. मी त्या दिवशी काय काय ठरवून टाकलं होतं, ते आता लिहीत नाही.

पुढे मोज्याच्या श्रेयावरून सरांशी माझं वाजलं. वाजलं म्हणजे मीच आवाज चढवला. मला हळू भांडता येत नाही. त्यांनी मला टीममधून काढलं, तेव्हा जिन्यात माझा हात धरून तू म्हणालीस, 'थॅड, तू गप्प राहा, तुझं नाव मी घालते.' मी गप्प राहिलो. जन्मात पहिल्यांदा! मग व्याख्यान-दालनाबाहेर फुग्याच्या कामाचा तो मोठा फलक लागला. मोज्याच्या जागी चकचकीत चंदेरी वेष्टन, खाली 'उष्णता राखणारे आवरण, संकल्पना : डॉ. व्हिटलो', आणि मग तुमची नावं. तुझं सगळ्यात वर. मी फलक फाडला, त्याच दुपारी कॉलेज सोडलं, आणि तू खिडकीतून बघत राहिलीस. तुला ह्यूस्टनला नासात उन्हाळी जागा मिळाली हे मला आत्याकडून कळलं. सरांनी चोरलं त्याचं मला एवढं नाही गं. सर सरच आहेत. पण त्या शेतात सर नव्हते, तू होतीस.

रविवारच्या पुकाऱ्याचं सांगतो. पास्टरांनी विचारलं, 'अजून कोण?' आणि लोक उठू लागले. रॉकेटच्या कारखान्यात तारा जोडणारा कुणाचा आजोबा, टंकलेखन करणारी कुणाची आई, जी कुठल्याच भिंतीवर नाहीत ती नावं. प्रत्येक नावाला सगळ्यांनी मिळून 'हजर!' म्हणायचं. मी ताडकन उठलो. माझंच नाव ओरडणार होतो. लोकांना जागेवर बसवणाऱ्या मिसेस प्रुइटनी पांढऱ्या हातमोज्यातल्या हातानं माझा खांदा दाबला. 'आपलं नाव आपण पुकारायचं नाही, पोरा. दुसऱ्यानं पुकारावं लागतं. बस खाली.' मी बसलो आणि तुझ्याकडे पाहिलं. तू माझ्याकडे पाहिलंस. तुझे ओठ हलले. मला वाटलं, आता माझं नाव. आणि तू म्हणालीस, 'डॉक्टर एमेट व्हिटलो.' सगळे म्हणाले, 'हजर!' माझी आत्यासुद्धा.

मग मी पुन्हा उठलो आणि तुझं नाव पुकारलं. अर्डेलिया मेबरी, छत्री शिवणारी. लोकांनी टाळ्या वाजवल्या, मिसेस प्रुइट म्हणाल्या, 'बघा, पोरगा सुधारला!' कोणाला कळलं नाही की मी ते तुला टोचायला पुकारलं. पण खोटं नव्हतं ते. छत्री तुझीच होती. एवढं रागावलेल्या माणसालाही म्हणता येतं.

पत्र लिहायचं कारण हे की मोंटगोमेरीच्या एका कॉलेजात मला पुन्हा शिकायला घेतील, पण तिथल्या डीनबाईंना खात्री हवी आहे की ते काम माझं होतं. मी म्हटलं, माझंच होतं. त्या म्हणाल्या, 'बेटा, असं सगळेच म्हणतात. त्या वेळी तिथे दुसरं कोण होतं?' मी तुझा नंबर दिला. त्या शुक्रवारी सकाळी तुला फोन करतील. अनोळखी नंबर म्हणून कापू नकोस. माझ्यावर प्रेम होतं का, हे त्या विचारणार नाहीत, आणि मीही आता विचारत नाही. त्या एवढंच विचारतील, मोजा कोणाचा? तू नाव घे. मी दुकानात कुणाचं तरी चाक काढत असेन. पण हजर असेन.

अजून तरी तुझाच,
थॅडियस