ओला गुंता

बाई, काल मी एका मांजरीला अंघोळ घातली आणि तुमचा ओरडा खाल्ला. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी ओरडा जशाच्या तसा कानात वाजला. "अक्कल गहाण ठेवलीस का? गुंत्याला आधी पाणी लावतात?" तेव्हा मी तिसरीत होते. रविवारी तुम्ही माझे केस विंचरणार, म्हणून तुम्हाला बरं वाटावं या हौसेनं सकाळीच बोअरिंगवर डोकं धुऊन आले होते, आणि तुम्ही कपाळावर हात मारून घेतलात. ओला गुंता वाळला की त्याचा दगड होतो, हे त्या दिवशी शिकले आणि काल नेमकं विसरले. मांजरीच्या अंगाला वासच असा मारत होता की काही सुचलं नाही. मागच्या पायांना आणि शेपटीखाली घाण वाळून बसलेली, पोटाच्या केसांत गवताची कुसळं रुतलेली. मी मेली शहाणी, कोमट पाणी आणि साबण घेऊन बसले. संध्याकाळपर्यंत तिच्या पोटावर घोंगडीचा तुकडा शिवल्यासारखं झालं. पाऊल टाकलं की कातडं ओढलं जातं, म्हणून ती चालेनाशी झाली. आधी निदान चालत तरी होती.

मांजर आपल्याकडची नाही. किन्हवलीच्या रस्त्याला आता मुंबईवाल्यांचे बंगले झालेत, तुमच्या वेळी तिथं नुसतं माळरान होतं. त्यातल्या एका बंगल्याच्या फाटकाशी ही बसलेली असायची. माझ्या अंगणवाडीतली पोरं मला सांगत आली की तिथं अस्वलाचं पिल्लू आहे. जाऊन बघते तर चपट्या नाकाची, लांब केसांची, भुरी मांजर. बंगल्याचा राखणदार तिला आपल्या भाकरीतला तुकडा टाकत होता, पण अंगाला हात लावू देत नाही म्हणाला. गणपतीच्या आधी मालक मंडळी आली होती, येत्या शनिवारी येतो म्हणून तिला इथंच ठेवून गेली. रस्त्यावर गाडी वाजली की ही अजून उठून फाटकाला नाक लावते. मग येणार कधी, मी विचारलं. "ते नाय येनार, ताई," तो म्हणाला. "बंगला इकला त्यांनी." मग मी तिला गोणपाटात गुंडाळून घरी आणली. का आणली ते विचारू नका. तुम्हाला माहीत आहे.

तिसरीतली दिवाळीची सुट्टी संपलेली आहे. आई मला आश्रमशाळेच्या फाटकाशी सोडायला आलीय, पाठीला धाकटा बांधलेला. बाप डोक्यावर बोचकं घेऊन पुढं निघूनही गेलाय. डोळखांबच्या आमच्या पाड्यातली निम्मी माणसं तेव्हा भात झोडून झालं की भिवंडीकडं वीटभट्टीवर जात, तशीच ही निघालीत. "शिमग्याला येते गो न्यायला," आई म्हणते आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवते. तो हात केसांतून जातच नाही, मध्येच अडकतो. दोनच दिवसांनी न्हावी येतो. उवा झाल्यात म्हणून सगळ्या पोरींची डोकी भादरायचा हुकूम असतो. मी व्हरांड्याचा खांब धरते, न्हाव्याच्या हाताला चावते. स्वयंपाकीण मला धरायला येते. तेव्हा तुम्ही वर्गातून बाहेर येता आणि सगळ्यांना बाजूला करून विचारता, झालं काय. मी म्हणते, "बाई, टकली झाली तर आय मला वळखनार नाय."

तुम्ही न्हाव्याला परत पाठवलंत. त्या दिवसापासून दर रविवारी मुरबाडला घरी जायचं सोडून तुम्ही स्वयंपाकघराच्या पायरीवर बसायचात, मला दोन गुडघ्यांत धरून. आधी खोबरेल, मग नुसती बोटं, कंगवा सगळ्यात शेवटी, आणि तोही टोकाकडून. केसांची मुळं मुठीत घट्ट धरायचात, म्हणजे ओढ डोक्याला लागत नसे. आत डाळ लागल्याचा वास यायचा, स्वयंपाकीण कुरकुरायची की एका पोरीचे एवढे लाड कशाला. तुम्ही पुढचा गुंता हातात घ्यायचात. केस सुटले तेव्हा तुमचा लाल कंगवा मला देऊन टाकलात. शिमग्याला माझ्या दोन वेण्या होत्या, रिबिनी लावलेल्या. मी सबंध दिवस फाटकाशी बसले. पाऊस तोंडावर आला तेव्हा बाप आला, धाकट्याला कडेवर घेऊन. आई भट्टीवरून कुणाबरोबर निघून गेली, तिचं नाव काढायचं नाही, एवढंच बोलला.

तुम्ही गेलात ते मला उशिराच कळलं. मुरबाडला तुमच्या घरी जाऊन आले, तिथं ती स्वयंपाकीण भेटली. रडत रडत सांगून गेली, की आई पळाल्याचा निरोप बापानं शिमग्याच्या कितीतरी आधीच शाळेत पाठवला होता. "बाईंना ठाव व्हतं गो सगळं." बाई, तेव्हापासून मला तुमचा राग आहे. खरा राग. माहीत असून विंचरत बसलात, वेण्या घातल्यात, रिबिनी लावल्यात, मला फाटकाशी बसू दिलंत. भादरून टाकलं असतं तर मी तोंड लपवून आत बसले असते, वाट तरी पाहिली नसती. हे तुम्हाला विचारायचं होतं, आणि विचारायला तुम्हीच उरला नाहीत.

आज सकाळी तुमच्या कंगव्यानं विंचरून बघितलं. पहिल्याच गुंत्यात त्याचे दात मोडले. मग अंगणवाडीतली रंगीत कागद कापायची कात्री घेतली आणि कापत सुटले. गुंत्याखाली कातडं लालभडक, एका जागी अळ्या. तिनं बोचकारलं असतं, चावली असती, तर मला बरं वाटलं असतं. पण ती हूं की चूं करत नाही, पडून राहते. सगळं काढल्यावर हातात मावेल एवढंच जनावर उरलं. तिला टोपलीत घालून शहापूरला गुरांच्या डॉक्टरांकडं नेली. त्यांनी जखमा धुतल्या, सुई दिली आणि फार जीव लावू नका म्हणाले. दूध ठेवलंय, बघत नाही. माझ्याकडंही बघत नाही. दाराकडं तोंड करून पडलीय, रस्त्यावर मोटार गेली की तेवढा कान हलतो. मला तो कान बघवत नाही, बाई. माझ्यानं आता होत नाही.

हे पत्र पाठवायला जागा नाही, ते पोरांच्या हजेरीपटाखाली पडून राहील. एक मात्र सांगते. शेपटीचे केस मी कापले नाहीत. गुंता तिथंही होता, पण तो सोडवत बसले, खोबरेल लावून, मुळं मुठीत धरून. सगळी दुपार त्यात गेली. आता तिच्या उघड्या अंगाला ती झुबकेदार शेपटी अगदी हास्यास्पद दिसते. बंगला विकलाय, कुणी येणार नाही, मला पक्कं ठाऊक आहे. पण समजा आलंच कुणी, तर वळखायला काहीतरी हवं ना, बाई.