मोटारीच्या चार काचा

८ एप्रिल १९४६, सोमवार. फुलचूर.
शामकलेचे लग्न ठरले. ८ मे. दुसऱ्या दिवशी पहाटे बिदाई. सासर अर्जुनी मोरगाव, रस्त्याने पन्नास मैल. मुलगी आमच्या मोटारीने येईल असे व्याह्यांना सांगून टाकले.
आमच्यात मुलीचा बाप वरातीबरोबर जात नाही. वेशीवरून परत फिरतो. पण मोटार चालवता येणारा गावात मी एकटा, आणि ड्रायव्हरला जावेच लागते. यात माझी काही हौस नाही. सोयीचा प्रश्न आहे.
अडचण एकच. गाडी तेरा वर्षांची. काचांभोवतीचे रबर तडकले आहे, लाकडी पट्ट्या सुटल्या आहेत. गोंदियाला जाऊन आलो तरी धुळीने मिशा तांबड्या होतात. अर्जुनीला नवरी ओळखू येणार नाही.
निश्चय: सर्व काम स्वतः करणे. मुदत आठ दिवस.

१० एप्रिल.
बिसराम मिस्त्रीकडे गेलो. गोंदिया स्टेशनाजवळ त्याचे दुकान आहे. म्हणाला, मालक, रबर लढाईवर गेला तो वापस नाही आला. वर सल्ला दिला, काचा खाली ठेवा, नवरीच्या तोंडावर पदर राहतेच.
माणूस प्रामाणिक आहे, पण महत्त्वाकांक्षा नाही.

१३ एप्रिल, दुपार.
जुने रबर खरवडले. एका काचेचे अखंड निघाले. तीन काचांचे चुऱ्यासारखे निघाले आणि दाराच्या पोटात पडले. आता दार लावले की खुळखुळ्यासारखे वाजते. कामाला सुरुवात झाली.

१६ एप्रिल.
मुदत संपली. मुदत हा शब्द मी अंदाजाने वापरला होता.

२१ एप्रिल.
सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या कापल्या. काच ज्या खाचेतून वरखाली होते तिथे लोकरी कापड लागते. माझा जुना काळा कोट कापला. शामकलेच्या आईने, गोमतीने, पाहिले. म्हणाली, कोट काऊन कापून राहिले? लग्नात काय घालसान?
मुलीच्या बापाकडे कोणी पाहत नाही, असे मी तिला समजावले. तिने कोटाची उरलेली बाही उचलून नेली. तिची पिशवी करणार आहे.
पट्ट्या चिकटत नाहीत. खळ लावली. मुंग्या आल्या.

२५ एप्रिल.
सुचले. आश्चर्य वाटते की आधी सुचले नाही. गोंदियात लाखेचे कारखाने आहेत आणि मी खळ लावत बसलो.
चैनलाल माझ्याबरोबर शाळेत होता, आता लाखेच्या कारखान्यात मुनीम आहे. त्याच्याकडून दोन शेर लाख आणली. थोडी राळ आणि जवसाचे तेल घालून पातळ करायची, खाचेत ओतायची, वर ट्यूबची पट्टी बसवायची. विलायतेत काचांना काय लावतात ठाऊक नाही. पण लाख तिकडे इथूनच जाते.
गोमती म्हणाली, बांगडीवालीले पुसा. लाख उन्हानं नरम पडते, थंड झाली का गोटा होते. मी म्हणालो, मनगट वेगळे, मोटार वेगळी. ती म्हणाली, लाख तर तेच आहे ना जी.
बायकांना यंत्रात गती नसते.

२९ एप्रिल, दुपारी दोन.
दोन काचा झाल्या. गाडी अंगणात उन्हात उभी करून हँडल फिरवले. काच लोण्यातून गेल्यासारखी खाली गेली, तशीच वर आली. अकरा वेळा करून पाहिले.
बोटे भाजली. किरकोळ.

४ मे, अक्षय्य तृतीया. दुपारी तीन.
चारही काचा पूर्ण. पुढची मोठी काचही उघडते, तीही लाखेने कायमची बंद केली. धोका नको.
शामकलेला आत बसवले आणि बाहेरून दोन सुपे धूळ उडवली. पाच मिनिटांनी ती लालबुंद होऊन उतरली. म्हणाली, बाबुजी, धूळ नाही आली. हवाबी नाही आली. हवेसाठी काच खाली करायची असते हे करून दाखवले.
मग तिने विचारले, तुमी खरंच अर्जुनीपावतर येता? ड्रायव्हर म्हणून, असे मी सांगितले. ती काच बराच वेळ पुसत राहिली. काच स्वच्छच होती.

७ मे.
बिसराम मांडव पाहायला आला आणि गाडीपाशीच थांबला. बोटाने लाख दाबून पाहिली. म्हणाला, मालक, एकडाव सकाळी फिरवून पाहा. मी सांगितले, जे उन्हात चालते ते गारव्यात चालणारच. सकाळी मला वेळ नाही. मांडव, पाहुणे, दही.
त्याला थोडे लागले असावे. काम त्याच्याकडे दिले नाही.

८ मे, रात्र.
लग्न छान झाले. पाहुण्यांची मुले गाडीत हात घालतात म्हणून काचा वर करून ठेवल्या. उद्या शामकला माझ्या शेजारी बसेल. जाताना गावे दाखवीन. तिने सडक अर्जुनी पाहिलेले नाही.

९ मे, सकाळी नऊ.
घडले ते असे.
पाच वाजता गाडीला झेंडूच्या माळा. काच खाली करायला गेलो. हँडल फिरले, काच जागची हलली नाही. दुसरी, तिसरी, चौथी. सगळी हँडले पार शेवटपर्यंत फिरवली. एक हातात आले.
नवरदेवाचे मोठे काका दुर्गाप्रसादजी वजनदार आहेत. ते आणि आणखी चौघे आत बसले, दारे लावली. दोन मिनिटांत घामाने निथळत उतरले. म्हणाले, टेकचंदजी, आमी वऱ्हाडी आहो. वाफेत उकडून उसना करायचे धान नाही.
सगळे हसले. मीही हसलो.
गोमती निखाऱ्यांची शेगडी घेऊन आली, लाख शेकते म्हणाली. पण मुहूर्त निघून चालला होता, आणि दुर्गाप्रसादजींना सातची रेल्वे आठवली. स्टेशनापर्यंत जायला बैलगाडी जुंपली. शामकला बैलगाडीत बसली.
बैलगाडीला ड्रायव्हर लागत नाही. म्हणजे लागतो, पण तो होता.
वेशीपर्यंत गेलो. तिथे ती वाकली आणि म्हणाली, बाबुजी, गाडी चांगली झाली. धूळ एवढीशीबी येत नाही.
तिथून परत फिरलो. आमच्यात तशी रीत आहे.

९ मे, दुपारी अडीच.
गाडी अंगणात उन्हात. माळा सुकल्या. आत बसलो होतो, कारण कुठेतरी बसायचेच असते.
आत्ता चारही काचा आपोआप खाली गेल्या. एकामागून एक. कोणी हात लावला नव्हता.
वारा छान येतो.
गोमतीने ओसरीवरून विचारले, आता कोनाले नेऊन राहिले?
कोणाला नाही, म्हणालो. तपासतो आहे.