जॅकेट देऊन बसलो

आगरदांडा, मंगळवार संध्याकाळ

मी काय करून बसलो! ज्या लाइफ जॅकेटने दादाला तरंगत ठेवायला हवं होतं, ज्याच्यासकट तो बुडाला, ते आज मी जॅकेट बनवणाऱ्या कंपनीच्या माणसाला माझ्या हाताने दिलं. "तपासून परत देतो," म्हणाला. साधी पावतीसुद्धा मागितली नाही मी.

नंतर कंपनीविरुद्धची आमची केस बघणाऱ्या वकिलांना फोन केला.  ते म्हणाले, "अहो, तोच तर आपला पुरावा होता. आता ते म्हणणार, पट्टा बांधलाच नव्हता."

बांधला होता! दादाला किनाऱ्यावर आणल्यावर जॅकेट काढायला मीच तो सुरीने कापला. आतला फोम पाणी पिऊन दगडासारखा झाला होता. पण कापलेला पट्टाही त्यांच्याकडेच गेला. माझ्या नुसत्या शब्दावर कोण विश्वास ठेवणार?

वहिनीला सगळं सांगितलं. वाटलं, शिव्या देईल. ती रडली. मग म्हणाली, "भावजी, तसलीच जॅकेटं बाकीच्या बोटींवर हायत ना? उद्या मान्सं तीच घालून जातील."

माझ्या डोक्यातच आलं नव्हतं हे. इतके दिवस मी फक्त आमच्या दादाचाच विचार करत होतो. आत्ताच जेट्टीवर जातो, ती जॅकेटं घालू नका म्हणून सगळ्यांना सांगायला.