शेवटच्या वळणाजवळच्या आठ जागा

गांगनुंग,
फेब्रुवारीचा शेवटचा मंगळवार, सकाळ

तीर्थरूप जम-रेताईस,

धाकट्या बुन-रेचा वाकून नमस्कार. (कंबर पूर्वीसारखी वाकत नाही, पण पत्रात वाकायला काय जातं.) तुझे गुडघे कसे आहेत? दाजींचा खोकला गेला का, की अजून त्यांच्या खोकल्यावर शेजारी घड्याळ लावतात? कालवांचा हंगाम यंदा बरा गेला असं ऐकलं, समाधान वाटलं. तू पाठवलेली सुकी मासळी पोचली. तिच्याच पाण्यात सध्या माझं सूप शिजतं, आणि गिऱ्हाइकं विचारतात की यंदा चव कशानं वाढली. मी सांगते, हाताला वळण पडलंय. (मनावर घेऊ नकोस. धंद्यात खरं सगळं सांगता येत नाही.) इकडचं सगळं उत्तम. डोंगरावरून वारा सुटलाय, समुद्र काळा पडलाय, आणि बटाटे किसून किसून माझा उजवा दंड पैलवानासारखा झालाय.

मागच्या महिन्यात फोनवर तू म्हणालीस, "सहासष्ट वर्षांची झालीस बुन-रे, पोरी बर्फावर गोल गोल फिरतात त्यात तुला काय मिळतं?" मी तेव्हा उत्तर दिलं नाही, कारण तू लगेच फोन ठेवलास. ते उत्तर आता देते. मार्चच्या दुसऱ्या शुक्रवारपासून तीन दिवस आमच्या गावच्या रिंकमध्ये शॉर्ट ट्रॅक स्केटिंगची जागतिक स्पर्धा आहे. कॅनडा, हॉलंड, इटली, चीन, सगळे येणार. आणि आपल्या देशाच्या संघात आमची बांग ही-सू आहे. आमची म्हणजे माझीच म्हण. सात वर्षांची असल्यापासून ती सराव संपला की आईचं बोट धरून माझ्या दुकानात यायची आणि बटाट्याच्या गोळ्यांचं सूप प्यायची. आता एकोणीस वर्षांची आहे आणि दोन वाट्या पिते. तिच्यासाठी आम्ही समर्थक मंडळ काढलं, त्याची मी अध्यक्ष आहे, हे तुला ठाऊक आहेच. माझी निवड एकमतानं झाली. (सभा माझ्याच दुकानात होती. विरोध करतील असे दोघे होते, पण त्यांच्या तोंडात घास होता.)

आम्ही सात जण. त्यातले मुख्य म्हणजे सोक गुरुजी, गणिताचे निवृत्त शिक्षक. त्यांच्या गळ्यात कायम स्टॉपवॉच असतं आणि ही-सूच्या प्रत्येक फेरीची वेळ ते वहीत उतरवतात. दुसऱ्या गुम-सून वहिनी, टोफूच्या कारखान्यातल्या, त्या झांज वाजवतात. बाकीचे चौघे टाळ्या. आणि खेळाची जाण माझ्याकडे. आता हे सांगणं बरं दिसत नाही, पण शॉर्ट ट्रॅक मला जेवढा कळतो तेवढा गावात कुणाला कळत नाही. ज्यांना कळत नाही ते म्हणतात जोरात पळा. अगं, जोरात सगळ्याच पळतात. खरी गंमत जागेची. एवढंसं ते वर्तुळ, त्यात पाच-सहा जणी, पायाला सुरीसारखी पाती, वळणावर इतक्या कलतात की बोटं बर्फाला टेकतात. पुढचीला ओलांडायचं तर तिच्या आतून किंवा बाहेरून. जागा असेल तर ती हुशारी, आणि नसताना शिरलीस तर पंच बाद करतात. तो निकाल शेवटच्या वळणावर लागतो. म्हणून जाणकार माणूस कायम शेवटच्या वळणाजवळ बसतो. मी कायम तिथे बसते.

या जागा मिळवण्याची लढाई तुला सांगायला हवी. तिकिटं मोबाइलवर दुपारी दोनला सुटणार होती. मी दुकानाला कुलूप लावलं आणि सातही जणांना चार टेबलांवर फोन घेऊन बसवलं. सोक गुरुजींनी स्टॉपवॉच लावून दहापासून उलटे आकडे मोजले. शून्याला सगळ्यांनी बोट दाबलं. गुम-सून वहिनी थेट कारखान्यातून आल्या होत्या, बोटं ओली. त्यांचा फोन त्यांचं बोट ओळखेचना. त्या फोनवर अशा ओरडत होत्या, जणू तो त्यांचा जावई आहे. एकाचा फोन बंद पडला, एकानं चुकून तुमच्या बुसानला बेसबॉलची दोन तिकिटं काढली. (ती आता कुणाला हवी आहेत का, बघ.) मला मिळाल्या त्या जागा खांबामागच्या. दोन वाजून चार मिनिटांनी गुरुजी म्हणाले, "माझ्याकडून काहीतरी दाबलं गेलंय, पण मागे जाता येत नाही." बघितलं तर शेवटच्या वळणाची पहिली रांग, ओळीनं आठ जागा. त्यांना वाटत होतं ते हवामान बघतायत. मंडळाच्या इतिहासात याची नोंद मी 'अध्यक्षांचं नियोजन' अशी केली आहे.

मग फलक. कापडाचे तीन मोठे पट्टे जोडून आम्ही लिहिलं: 'ही-सू, मागे' एका पट्ट्यावर, 'बघू नकोस, पुढे' मधल्यावर, आणि शेवटच्यावर 'जा'. अक्षरं माझी. मागच्या आठवड्यात संघ सरावाला येणार म्हणून सकाळीच रिंकच्या बाहेरच्या कठड्याला बांधला आणि दुकान उघडायला परत आले. डोंगरचा वारा तुला माहीत आहे. (नाहीच माहीत, तू बावीस वर्षांत एकदाही आली नाहीस.) अकराच्या सुमाराला मधला पट्टा उडून मासळीबाजाराच्या छपरावर जाऊन बसला. संघाची बस आली तेव्हा कठड्यावर उरलं होतं, 'ही-सू, मागे जा'. मुलींनी ते वाचलं. प्रशिक्षकांनी वाचलं. आणि नेमक्या त्याच वेळी सोलहून यो चो-सिल बाई आल्या होत्या, त्यांनी फोटो काढला.

या चो-सिल बाई म्हणजे ओ से-राम नावाच्या मुलीच्या समर्थकांच्या अध्यक्ष. से-रामही संघात आहे, त्यामुळे आता आम्ही दोघी एकाच बाजूला आहोत, आणि ते दोघींनाही जड जातं. फोटो दाखवून त्या मला म्हणाल्या, "तुमचं मंडळ नक्की कुणाच्या बाजूनं आहे?"

मी म्हटलं, "बाई, हा आमचा डाव आहे. परदेशी संघ गोंधळावा म्हणून." त्यांनी फोन पिशवीत टाकला. पटलं म्हणून की कीव आली म्हणून, ते मी विचारलं नाही.

पण त्यांच्या या टोमण्यामागे डिसेंबरची गोष्ट आहे, आणि ती मी तुला फोनवर सांगितली नव्हती. डिसेंबरात संघाची निवड चाचणी इथेच झाली. पहिल्या दिवशी हजार मीटर, नऊ फेऱ्या. ही-सूला संघात यायचं तर दोन दिवसांत एक तरी शर्यत जिंकायला हवी होती. आम्ही सातही जण शेवटच्या वळणाशी. आठव्या फेरीपर्यंत से-राम पुढे, ही-सू तिच्या पाठीला चिकटलेली. शेवटच्या वळणावर स्टेडियममध्ये एवढा मोठा आवाज उठला की मी ताडकन उभी राहिले, हात वर केले आणि ओरडले, "जिंकली." मी उठले म्हणून सगळं मंडळ उठलं. वहिनींनी झांज सुरू केली, गुरुजी स्टॉपवॉच हवेत फिरवत नाचले. आम्ही बराच वेळ नाचलो. मग लक्षात आलं की आपल्याशिवाय कुणीच नाचत नाहीये. से-राम कडेच्या गाद्यांवर जाऊन आदळली होती, ही-सूला पंचांनी बाद केलं होतं, आणि अख्खं स्टेडियम आमच्याकडे बघत होतं. चो-सिल बाई दोन रांगा मागे होत्या. त्यांनी विचारलं, "कशाचं कौतुक चाललंय?"

मी सांगितलं, "हिमतीचं." अध्यक्षाला खाली बसताना काहीतरी बोलून बसावं लागतं.

त्या संध्याकाळी ही-सू एकटीच दुकानात आली. सूप पुढे ठेवलं तर चमचा उचलेना. म्हणाली, "मावशी, तू तिथेच होतीस. खरं सांग. मी आत शिरले तेव्हा जागा होती, का मी से-रामला ढकललं?"

मी विचारलं, "व्हिडिओ बघितलास ना?"

"दहा वेळा. दर वेळी वेगळं दिसतं. से-राम माझ्याशी बोलत नाही. प्रशिक्षक म्हणतात, उद्या तसं करू नकोस, मागेच राहा. मागे राहिले तर संपलंच ना." आणि मग म्हणाली, "त्या लोकांचं मला काही नाही. तू लहानपणापासून बघतेस. तू सांगशील ते मी मानेन."

ताई, मी हात पुसले, तिच्यासमोर बसले आणि सांगितलं, "जागा होती. फ्रिज गेला असता एवढी जागा होती. तू ढकललं नाहीस, तीच बाहेर घसरली. उद्याही जागा दिसली की शीर."

तिनं चमचा उचलला. मग दोन वाट्या प्यायली आणि गेली. दुसऱ्या दिवशी पंधराशे मीटरमध्ये शेवटच्या वळणावर ती तशीच आत शिरली, कुणाला धक्का लागला नाही, आणि पहिली आली. संघात निवडली गेली. यावरून तुला कळेल की योग्य वेळी जाणकाराचा शब्द काय काम करतो. आता मार्चमध्ये ती आणि से-राम रिलेत एकत्र पळणार आहेत. रिलेत मुली एकमेकींना मागून ढकलून पुढे पाठवतात, आणि ही-सूला ढकलायचं काम से-रामकडे आलंय. दोघी अजून कामापुरतंच बोलतात. पण मला काळजी नाही. पदक आमचंच आहे.

तर असं सगळं मजेत आहे. नवा मधला पट्टा शिवून झाला, आता शिवण दुहेरी आहे. घोषणा पाठ आहेत. कशाची कमी नाही, कुणाची गरज नाही. तू तब्येतीला जप, दाजींना मध-आल्याचं पाणी दे, आणि पोरांना माझे आशीर्वाद सांग. गिऱ्हाईक दारात उभं आहे म्हणून थांबते.

तुझी धाकटी बहीण,
बुन-रे
(अध्यक्ष, बांग ही-सू समर्थक मंडळ, गांगनुंग)

ता. क. : जागा आठ आहेत आणि आम्ही सात आहोत, हे तू वर वाचलं असशीलच. आता बुसानहून इकडे थेट गाडी येते, समुद्राच्या कडेनं, बसल्या जागी. स्पर्धेच्या आदल्या गुरुवारी निघालीस तर संध्याकाळी माझ्याकडे पोचशील. गुडघ्यांना काही काम नाही, नुसतं बसायचं आहे.

दुसरा ता. क. : तू विचारशील, मीच का. तर ऐक, आणि दाजींना वाचून दाखवू नकोस. मी आजवर एकही शर्यत शेवटपर्यंत पाहिलेली नाही. शेवटचं वळण आलं की माझे डोळे आपोआप मिटतात. उघडे ठेवायचं ठरवलं तरी मिटतात. हे होते तोवर प्रश्न नव्हता. माझ्या शेजारी बसून हे सगळं बघायचे आणि मग म्हणायचे, "उघड आता, तिसरी आली." हरली असली तरी मऊ आवाजात सांगायचे. तीन वर्षं झाली, सांगायला कुणी नाही, मी आवाजावरून अंदाज करते. डिसेंबरातला आवाज से-राम पडल्याचा होता. जागा होती की नव्हती, मला माहीत नाही ताई. पोरीनं माझ्या शब्दावर अख्खी शर्यत लावली आणि मी काहीच पाहिलेलं नव्हतं. ती जिंकली म्हणून निभावलं. मार्चमध्ये ती पुन्हा येईल, समोर बसेल आणि पुन्हा विचारेल. या वेळी मला तिला जे झालं तेच सांगायचं आहे.

तिसरा ता. क. : पाकीट चिकटवण्याआधी वाटलं, तुला एवढ्या लांबून कशाला त्रास, मंडळातल्याच कुणाला तरी सांगावं. म्हणून आत्ता गुम-सून वहिनींना खासगीत विचारलं. त्या म्हणाल्या, "अगं बाई, तुझेही मिटतात?" त्या झांजेमागे तोंड लपवतात. मग आम्ही दोघींनी मिळून बाकीच्या चौघांना विचारलं. एक जण त्या वेळी बुटाची नाडी बांधतो, दोघी एकमेकींच्या खांद्यात डोकं खुपसतात, चौथा दर वेळी पाणी आणायला जातो. उरले सोक गुरुजी. ते म्हणाले, त्यांचे डोळे सताड उघडे असतात, पण दोन्हींत मोतीबिंदू आहे. स्टॉपवॉच ते माझ्या ओरडण्यावर दाबतात. म्हणजे अकरा वर्षांची ती वही माझ्या आवाजाची आहे. ताई, आमच्या मंडळात शर्यतीचा शेवट कुणी पाहिलेलाच नाही. आम्हाला असं एक माणूस हवं की ज्याला या खेळाचं काडीचं कौतुक नाही. डोळे त्याचेच उघडे राहतील.

शेवटचा ता. क. : सध्या टीव्हीवर जुन्या शर्यती दाखवतात. येईपर्यंत एकही बघू नकोस. दाजी बघत असतील तर तू स्वयंपाकघरात जा. तुला आवडायला लागलं तर मग तुझा काही उपयोग नाही.