मागे न बघता

६ जानेवारी
घंटा चालणार नाही! गणेशगुडीच्या लॉजवर कुत्र्यांना शिकवणाऱ्या कविताने आज सांगितलं. बेळगावच्या अडथळ्यांच्या स्पर्धेत कुत्र्याच्या गळ्यात काहीच नको, साधा पट्टासुद्धा नाही – उडीच्या दांडीत अडकतो.
आमच्या आधीच्या कुत्र्याला, जिमीला, बिबट्याने गोठ्यामागून नेलं आणि मला कळलं सकाळी. तेव्हापासून आताच्या कुत्रीच्या, बिंदीच्या, गळ्यात वासराची घंटा. वाजतेय तोवर ती आहे.

८ जानेवारी
घंटा काढली. मी पुढे, बिंदी मागून. पहिली उडी झाली, दुसरी झाली, आणि कापडी बोगद्यापाशी ती उभीच. पुन्हा तसंच. मी म्हटलं, घाबरते बिचारी.
"ती न्हाई अक्का, तुमी घाबरताय," कविता म्हणाली. "तुमी वळून बघताय म्हणून ती थांबतीया. कुत्रं तुमच्या खांद्याकडं बघून पळतंय."
खरं असेल. इतके दिवस मी कानांनी पळत होते.

९ जानेवारी
परत वळले.

११ जानेवारी
शेजारचा परशू मळणीवरून येताना कुंपणाशी थांबला. "बाई, कुत्र्याला पळायला शिकवताय व्हय? आमचं न शिकवताच पळतंय. फकस्त परत येत न्हाई!"
हसले खरी, पण बिंदी अशीच रानात शिरली आणि मला ऐकूच आलं नाही, तर?

१५ जानेवारी
शाळेतल्या सिस्टर आठवल्या. पांढरे कॅनव्हासचे बूट घालून आम्ही मुली चुन्याच्या रेषेवर, आणि सिस्टर सांगायच्या – नाकासमोर बघा, मागच्या मुलीची काळजी देव घेईल.
आज तशीच धावले. बोगदा पार! बिंदी बाहेर आली ती थेट माझ्या पायांत.

१७ जानेवारी
उद्या बेळगाव. "रेषेवर बसवा, पुढं जावा, बोलवा आणि पळा," कविताने पुन्हा बजावलं. "मान वळवायची न्हाई." जीव थाऱ्यावर नाही. एवढी माणसं, लाउडस्पीकर. बावरून सुटली तर कुणाला सापडणार?

१८ जानेवारी
एकदाही वळले नाही. उड्या, बोगदा, काठ्यांची रांग – सगळ्यांच्या कडेने धावत शेवटच्या रेषेला पोहोचले. लोक हसत होते. तेव्हा पाहिलं. बिंदी सुरुवातीच्या रेषेवर, मी बसवलं होतं तिथेच. 'ये' म्हणायचंच मी विसरले होते.
मैदान चारी बाजूंनी उघडं. ती बसून होती.