तपकिरी कागदावरचं पाऊल

ब्रुकलिन, ४ मार्च १९८९

प्रिय मर्ल,

स. न. वि. वि. या चार ओळी हाती पडतील तेव्हा तू खुशाल असशील असं धरून चालते. मी बरी आहे. तीन पत्रं पाठवली, एकाचंही उत्तर नाही. टपाल इतकं काही वाईट चालत नाही.

माझ्या डेलियाची इकडे अमेरिकेत यायची कागदपत्रं झाली. जुलैत शाळा सुटली की तिला विमानात बसवून दे. नेहमीसारखं सामानाचं पिंप बोटीने पाठवलंय. त्यात तांदूळ, तेल, साबण, कपडे आणि प्रवासासाठी काळे चकचकीत बूट आहेत. तुझ्या मनात काय शिजतंय ते मला इथून दिसतं, म्हणून आधीच सांगते. नऊ वर्षं तिच्या अंगावरचा धागा अन् धागा मी पाठवला. गावाला काय बोलायचं ते बोलू दे, माझ्या मुलीला माइंड मी केलं, पोसलं-सांभाळलं मी, तू नाही.

उत्तराची वाट पाहणारी तुझी धाकटी बहीण,
यूलीन

ग्वाव, ग्रेनाडा, २९ मार्च

यूलीनला नमस्कार.

गुडघा सुजलाय, बाकी खुशाल. पत्र टाकायला डेलियाच जाते, आणि मला जे लिहायचं होतं ते तिने वाचू नये म्हणून लिहिलं नाही.

पिंप आलं. बूट पायात गेले नाहीत. पोर टाच कोंबून कोंबून रडकुंडीला आली, तरी मावशीलाच म्हणे, टँटी, ममीला सांगू नको, बसतील. दरवर्षी हेच. दर ईस्टरला तिला तपकिरी कागदावर उभी करते, पेन्सिलीने पाऊल आखते आणि तुला पाठवते. त्या कागदांनी चूल पेटवतेस का?

माइंड करणं म्हणजे काय ते तिकडे जाऊन विसरलीस. आपल्याकडे शेळीलासुद्धा माइंड करतात. सकाळी बांधायची, ऊन चढलं की सावलीत हलवायची. ते पिंपात भरून पाठवता येत नाही. तापात कपाळावर पट्ट्या, रविवारी वेण्या, खोटं बोलली की धपाटा, हे सगळं मी जायफळाच्या वखारीत दिवसभर राबून केलं. चर्चच्या दारात म्हाताऱ्या तिला विचारतात, तुला कोण माइंड करतं गं? तिने आजवर एकच नाव सांगितलंय, आणि ते तुझं नाही. उंटावरून शेळ्या हाकू नकोस. पोरगी मी पाठवणार नाही.

लोभ होता त्यातला उरेल तेवढा पुरे.
मर्ल

ब्रुकलिन, २० एप्रिल

मर्ल,

तुझी खुशाली आज विचारत नाही.

चूल पेटवत नाही मी. आठच्या आठ कागद पलंगावरच्या भिंतीला टाचणीने लावलेत, लहान पावलापासून मोठ्यापर्यंत. त्यातला एक काढून दुकानात न्यायचा म्हटलं तर हात होत नाही. ज्यांच्याकडे मी कामाला आहे त्यांची मुलगी डेलियाच्याच वयाची. तिलाच दुकानात नेते आणि तिच्या पायात घालून बघते. त्या मुलीचे पाय डेलियापेक्षा बारीक आहेत हे मला कसं कळणार? होय, दिवसभर मी परक्याचं लेकरू माइंड करते, अगदी तुझ्या शेळीसारखं, ऊन-सावली बघून. हास आता.

पण आयत्या बिळावर नागोबा होऊ नकोस. कायदा माझ्या बाजूने आहे. पाठवली नाहीस तर ऑगस्टमध्ये येऊन घेऊन जाईन आणि तुझ्या घरचं पाणीही पिणार नाही. हिंमत असेल तर तिलाच विचार, कुठे राहायचंय ते.

यूलीन

ग्वाव, ११ मे

यूलीनला,

विचारलं. म्हणाली, ममीकडे जाईन. माझ्या डोळ्यांत बघून म्हणाली. एवढं लिहायला मला तीन दिवस लागले. जिंकलीस.

यंदा रागाच्या भरात मी पाऊल आखलंच नव्हतं. काल ती स्वतःच तपकिरी कागद घेऊन आली. तिचं झालं, तर म्हणे, टँटी, चप्पल काढ. मला कागदावर उभं केलं आणि गुडघ्यावर बसून आखायला लागली. खाली बघतच म्हणाली, मी गेल्यावर तुला कोण माइंड करणार? ममीला सांग, आता पिंप तुझ्या मापाचं भरायचं. दुकानात माप मीच घेऊन जाईन.

तुझ्यावरचा माझा राग गेलेला नाही, तो जायचाही नाही. विमानाची तारीख कळव. दोन कागद सोबत आहेत, भिंतीला लावू नकोस. लहान पाऊल डेलियाचं. मोठ्या पावलाची रेघ वाकडी आलीय, कारण आखताना पोरीने दुसऱ्या हाताने माझा सुजलेला गुडघा धरून ठेवला होता.

तुझी बहीण,
मर्ल