मागच्या खोलीतला बॉयलर

२ नोव्हेंबर, सोमवार

लॉरेनला आज बोलू नये ते बोलून बसलो.

करवलीचा झगा शिवत होती — पिस्ता रंगाचा, सॅटिनचा. चेन उलटी लावली! वर ओढली की उघडते. तीस वर्षं लोकांच्या लग्नाचे कपडे शिवतेय बाई, असं कधी झालं नाही. मागच्या खोलीत मशीनपुढे डोकं धरून बसली होती. "क्लाइव्ह, सकाळपासून काही सुचतच नाहीये रे." मी दारात उभा, हातात सँडविच. म्हणालो, "आईच्या वळणावर चाललीस वाटतं!"

वर हसलोही. ती नाही हसली.

तिची आई एडना गेल्या वर्षी ऑक्टोबरात आमच्याकडे राहायला आली. मागची खोली तिला दिली. ख्रिसमसपर्यंत म्हातारी पार बदलली. डोकं दुखतंय, मळमळतंय, लॉरेनला मेलेल्या बहिणीच्या नावानं हाक मारतेय, रिकामं पातेलं शेगडीवर ठेवून झोपून जातेय. शेवटी एप्रिलमध्ये टेकडीवरच्या वृद्धाश्रमात ठेवली, तिच्या खोलीत लॉरेनचं मशीन आलं. लॉरेन आठवडाभर रडत होती. आणि तिलाच मी हे ऐकवतो! माझ्या जिभेला हाड नाही.

माफी मागायला हवी होती. चहा करून दिला. आमच्याकडे माफीच्या जागी चहाच देतात.

५ नोव्हेंबर, गुरुवार

थंडी पडली की अख्ख्या हॅलिफॅक्सला क्लाइव्ह सग्डन आठवतो. घरं गरम ठेवणारे गॅसचे सात बॉयलर तपासले आज. प्रत्येक घरात नेहमीचं प्रवचन — वर्षातून एकदा तपासून घ्या, विषारी वायूला ना रंग ना वास, भिंतीवर अलार्म लावा, खिडकीच्या फटी बुजवू नका. एक बाई म्हणाल्या, "तुमची बायको नशिबवान हो! घरातच गॅसवाला." हो म्हणालो. खूश झालो चक्क.

संध्याकाळी मैदानावर दरवर्षीची पाच नोव्हेंबरची शेकोटी आणि फटाके. लॉरेन अर्ध्यातून घरी गेली. डोकं.

८ नोव्हेंबर, रविवार

एडनाला भेटून आलो. डॉमिनोमध्ये मला तीन वेळा हरवलं म्हातारीनं, वर म्हणते कशी, "जावई माझा गॅसवाला, पण सोंगट्या मोजता येत नाहीत." तिथल्या नर्सला माझ्या पोटाविषयी काहीतरी सांगून हसवलं. आठ महिन्यांपूर्वी हिला स्वतःचं आडनाव सांगता येत नव्हतं!

 घराजवळ आल्यावर गाडीत लॉरेन म्हणाली, "माझ्याकडे असताना वेडी झाली, परक्यांकडे जाऊन शहाणी झाली. मी काय केलं रे तिला?"

"तू काय करणार? तिथे औषधं वेळेवर मिळतात," म्हणालो मी. मला तेच वाटत होतं.

उद्या लॉरेन दोन दिवस मामेबहिणीकडे स्कारबरोला चाललीय. बरं आहे. जरा हवापालट.

११ नोव्हेंबर, बुधवार

 व्हॅनमध्ये बसून लिहितोय, आमच्याच दारात.

दुपारी जेवायला घरी आलो. लॉरेन काल परतली. जेवण वाढता वाढता म्हणाली, "स्कारबरोला दोन दिवस डोकं आहे हेसुद्धा कळलं नाही. इथे आले, सकाळी तासभर मागच्या खोलीत मशीनवर बसले, की सुरू झालं."

घास तोंडातच राहिला. घराबाहेर पडलं की बरं वाटतं का? — हा प्रश्न मी पंचवीस वर्षं लोकांना विचारतोय. रोज. दारोदार. आज माझी बायको न विचारता त्याचं उत्तर देत होती आणि माझ्या हातात काटा होता.

ती चेन बदलायला बाजारात गेली. मी व्हॅनमधून तपासणीचं यंत्र काढलं.

बॉयलर मागच्या खोलीतल्या कपाटात आहे. दोन वर्षांपूर्वी स्वयंपाकघर मोठं करायचं म्हणून मीच तिथून वरच्या मजल्यावर, या खोलीत हलवला. धुराचा पाइप पलंगाच्या वरून, प्लायवूडच्या खोक्यातून बाहेर जातो. पाइपात पाइप — आतल्यातून धूर बाहेर, भोवतालच्या पोकळीतून ताजी हवा आत. त्या पोकळीत नळी घालायची, प्राणवायू मोजायचा. एकवीस टक्क्यांच्या आसपास आला की ठीक, कमी आला तर धूर गळतोय. दोन मिनिटांचं काम. माझ्याकडे आला अठरा पॉइंट चार.

खोका उघडला. कोपऱ्यावरचा सांधा निसटलेला. पाइप बोटभर मागे सरकलाय, धूर खोक्यात, खोक्याच्या फटीतून खोलीत. सांध्याला तीन स्क्रू लागतात. स्क्रूची पुडी पाइपावरच ठेवलेली होती. न फोडलेली!

आठवलं सगळं. रविवार होता, दीडला मॅच होती. स्क्रू नंतर मारू म्हटलं, खोका ठोकून टाकला. नंतर एकदाही तपासलं नाही. लोकांचे बॉयलर वर्षाला सहाशे, घरचा एकही नाही. त्या खोलीतला अलार्म बॅटरी संपली म्हणून टुकटुक करायचा, एडनाला झोप येईना, म्हणून मीच काढला. "नवीन लावतो, एडना." व्हॅनमध्ये आत्ता सहा नवे पडलेत. खिडकीला वारा येतो म्हणाली तर चारी बाजूंनी पट्टी चिकटवून दिली मी — वा रे गॅसवाला!

म्हातारी वेडी नव्हती झाली. मी तिला सहा महिने धूर पाजत होतो.

बॉयलर बंद केला, खिडकी उघडली, सांधा बसवला, तीन स्क्रू मारले. पुन्हा मोजलं. वीस पॉइंट नऊ. खोका लावला, वरून रंगाचा हात मारला. अलार्म ठोकला. पाऊण तास लागला फक्त.

लॉरेन आली. "हा अलार्म कुठून आला अचानक?"

चोराच्या मनात चांदणं. "नवीन नियम आलाय," म्हणालो.

१२ नोव्हेंबर, गुरुवार

सांगितलं नाही.

गेल्या वर्षी एका गॅसवाल्याच्या कामात हीच चूक सापडली होती. मी तक्रार करून त्याचा परवाना घालवला. पबमध्ये चवीनं सांगत होतो सगळ्यांना.

१५ नोव्हेंबर, रविवार

भांडी पुसता पुसता लॉरेन म्हणाली, "डॉक्टरांची वेळ घेतलीय. स्मरणशक्तीची चाचणी. आठ डिसेंबरला."

मी म्हणालो, "कशाला? काही झालेलं नाहीये तुला."

"तुला काय ठाऊक? तू डॉक्टर आहेस का? आईचंही असंच सुरू झालं होतं. डोकं, मग वस्तू विसरणं, मग... आईला सांगू नकोस हं. तिला वाटेल तिच्यामुळेच आलं."

सांग आत्ता, क्लाइव्ह. आत्ताच सांग. तोंड उघडलं — आणि म्हणालो, "ती मोठी ताटली इकडे दे."

हिशोब असा केला मी मनाशी: खोली आता स्वच्छ आहे. ती आपोआप बरी होईल. चाचणी चांगली येईल. कोणाला काही कळायचं कारण नाही. हे इथे लिहिताना लाज वाटतेय, पण हाच विचार केला, खोटं कशाला लिहू.

२४ नोव्हेंबर, मंगळवार

लॉरेननं मला कपडे धुवायचं यंत्र शिकवलं. गरम पाण्याचे कुठले, गार पाण्याचे कुठले, लोकर वेगळी. मग पासबुकं, विम्याचे कागद, तिच्या डॉक्टरांचा नंबर. मग रविवारच्या भाजलेल्या मांसाचा रस्सा.

"पीठ आधी, पाणी नंतर, आणि ढवळणं सोडायचं नाही. मी विसरायच्या आत शिकून घे. नाहीतर तू विकतचं हवाबंद डब्यातलं खात बसशील."

गुठळ्या झाल्या. ती पोट धरून हसली, आणि हसता हसता डोळे पुसायला लागली. मी आपला ढवळतोय, ढवळतोय. बुडाला लागेपर्यंत ढवळत होतो.

२९ नोव्हेंबर, रविवार

डोकेदुखी गेली तिची. पार गेली. झगे पुन्हा सरळ शिवतेय. पण आता ती स्वतःवर पहारा देतेय. शेजाऱ्याच्या कुत्र्याचं नाव पटकन आठवलं नाही, तर वहीत लिहून ठेवलं. कात्री सापडेना, लिहिलं. कात्री मी नेली होती, दोरा कापायला! सांगितलं तसं, तर म्हणते, "माझं मन राखायला बोलतोयस."

मे महिन्यातली दोन लग्नं तिनं परत केली. "तोवर मी कशी असेन कोण जाणे." त्यातल्या एका नवरीच्या आईला फोनवर म्हणाली, हाताला त्रास आहे.

एक शब्द, क्लाइव्ह. एक वाक्य. तिची सगळी भीती एका वाक्यात जाईल. आणि तू ते वाक्य दाबून बसलायस, का? तर पबमध्ये तोंड दाखवता येणार नाही म्हणून. थू तुझ्या जिंदगानीवर!

३ डिसेंबर, गुरुवार

नऊ बॉयलर. प्रवचन कुठेही दिलं नाही.

८ डिसेंबर, मंगळवार

लॉरेननं निळा कोट घातला, मयतीला आणि डॉक्टरकडे घालते तो. गाडीत म्हणाली, "माझी उजळणी घे. शंभरातून सात-सात वजा करायला सांगतात." मी गाडी चालवतोय आणि ती म्हणतेय — त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी... सगळं बरोबर.  दवाखाना येईपर्यंत चार सिग्नल लागले. चारही वेळा सांगेन म्हटलं.

अर्ध्या तासानं बाहेर आली. तीसपैकी एकोणतीस! डॉक्टर म्हणाले, काहीएक झालेलं नाही.

सुटलो, असं वाटलं मला. खरंच वाटलं. पाच मिनिटं मी जगातला सर्वांत सुखी माणूस होतो.

मग गाडीत बसून ती एकदम हमसाहमशी रडायला लागली. "मला आत आनंद झाला, क्लाइव्ह. वाटलं, रोग तिचाच आहे, माझा नाही. सख्ख्या आईचं असं वाटलं मला! काय बाई आहे मी? लाज वाटतेय मला माझी."

तिला लाज! तिला!

तिथेच सांगितलं. दवाखान्याच्या आवारात, गाडीचं इंजिन चालू. सांधा, स्क्रू, अलार्म, खिडकीची पट्टी, एडना — सगळं.  तिचं रडणं थांबलं होतं.

"कधी कळलं तुला?"

"अकरा नोव्हेंबरला."

ओठ हलवत तिनं मोजलं. "म्हणजे चार आठवडे. चूक होते माणसाकडून. पण तू रस्सा शिकत होतास, क्लाइव्ह. माझ्या शेजारी उभा राहून रस्सा शिकत होतास."

उतरली आणि पावसातून चालत गेली. मी गाडी हळूहळू मागून नेली. तिनं मागे वळून पाहिलं नाही.

९ डिसेंबर, बुधवार

मी खालच्या कोचावर. दिवसभरात एकच वाक्य बोलली: "आईला तू सांगायचंस. मी नाही सांगणार."

१३ डिसेंबर, रविवार

सांगितलं एडनाला. मान वर करून सांगता आलं नाही. शिव्या देईल, हातातला चहा अंगावर फेकेल, काहीही करो म्हटलं.

 तिनं माझी बाही धरली. "म्हणजे मला वेड लागलं नव्हतं? पुन्हा सांग, पोरा." सांगितलं. "आणखी एकदा." तीनदा सांगितलं. म्हणाली, रोज सकाळी डोळे उघडायच्या आधी ती तरुणपणी जिथे कामाला होती त्या गालिच्यांच्या गिरणीतल्या, तिच्या ओळीतल्या अकरा बायकांची नावं म्हणते. सगळी आठवली तरच उठते. एखादं अडलं तर ते सापडेपर्यंत डोळे मिटून पडून राहते, भीतीनं. आठ महिने झाले.

"मग उद्यापासून नुसतीच उठू का रे?" तिनं मला विचारलं. मला!